उलट्या बाजूची प्रदक्षिणा

थंडी आली हे मला स्वेटरवरून कळत नाही, हँडलवरून कळतं. परवा सकाळी पार्किंगमधून सायकल बाहेर काढताना मुठी इतक्या गार लागल्या की मी हातच झटकला. मागे उभे असलेले हे म्हणाले, "काय झालं? चावली का?"

"थंडी पडली," मी म्हटलं.

"पडू दे. तुला लागलं नाही ना?"

स्वतःच्या विनोदावर हे बराच वेळ खूश होते. आमच्याकडे हिवाळ्याचं स्वागत साधारण असंच होतं.

हे म्हणजे माझे यजमान. आमच्या पिढीतल्या बायकांना नवऱ्याचं नाव घ्यायला जड जातं. लिहितानाही ते जमेल असं वाटत नाही, तेव्हा इथेही 'हे'च.

कर्वेनगरात हिवाळा येतो तो असा चोरपावलांनी. गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवर पेरू आणि बोरं दिसू लागतात. सोसायटीचा वॉचमन पहाटे पालापाचोळ्याची शेकोटी करतो आणि सेक्रेटरी ती विझवायला लावतात. कानटोपी घालून फिरणारी माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, आणि ओळखलं तरी तसं दाखवत नाहीत. दरवर्षी हे सगळं पाहिलं की मला चार वर्षांमागचा एक हिवाळा आठवतो. साठीला टेकलेली असताना त्या हिवाळ्यात मी सायकल शिकले.

पुण्यात जन्म काढून सायकल येत नाही म्हटलं की लोक आधी हसतात, मग माहेर विचारतात. माझं माहेर रत्नागिरीकडचं. घरातून पाऊल टाकलं की पायऱ्या, पायऱ्या संपल्या की घाटी. आमच्या गावी सायकल ही बसायची नव्हे, खांद्यावर घेऊन चढायची वस्तू होती. लग्न होऊन पुण्यात आले आणि ह्यांच्या उंच काळ्या सायकलच्या कॅरिअरवर बसले, ती पुढची तीसेक वर्षं तिथेच बसून होते असं म्हटलं तरी चालेल.

कॅरिअरवर बाई बसायची ती दोन्ही पाय डावीकडे सोडून. त्यामुळे मी पुणं पाहिलं ते डाव्या बाजूचं. येताना दुसरी बाजू दिसायची हे खरं, पण एकेरी रस्त्यांचं काय करणार? लक्ष्मी रोडच्या उजव्या बाजूला कोणती दुकानं आहेत हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. मार्केट यार्डातून आंब्याची पेटी मांडीवर घेऊन आले आहे, कात्रजच्या तळ्यावर डबा घेऊन गेले आहे. परतताना स्वारगेटजवळ साडीचा पदर चाकात गेला आणि भर रस्त्यात आम्ही दोघं एका पोलिसाच्या देखरेखीखाली तो सोडवत बसलो होतो. ह्यांची पाठ, डोक्यामागे घामाने चिकटलेले केस आणि उजव्या पॅडलची ती एक टकटक, एवढं माझ्या नेहमी समोर असायचं. कुठे वळायचं हे मला कधी विचारावं लागलं नाही. पाठीचा झोक पाहून कळायचं.

मग ह्यांना काचबिंदू झाला. हा आजार दुखत नाही, खुपत नाही, सांगून येत नाही. नजर कडांनी झिजत गेली आणि मधे किल्लीच्या भोकाएवढं दिसणं शिल्लक राहिलं. त्या भोकातूनही हे बरेच दिवस सायकल चालवत होते, मला न सांगता. एक दिवस कोपऱ्यावर उभ्या असलेल्या भाजीच्या गाडीला धडकले. लागलं काहीच नाही. घरी आले, सायकल पार्किंगच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवली आणि दोन्ही चाकांतली हवा स्वतःच्या हाताने सोडली. मी जिन्यातून पाहत होते. हवा सुटण्याचा तो आवाज संपेपर्यंत हे तिथे वाकून उभे होते.

त्यानंतर हे घराबाहेर पडेनासे झाले. आधी संध्याकाळचं फिरणं गेलं, मग वाचनालय, मग दाढी करायला कोपऱ्यावर जाणं. काही विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मला काही नको." माझं आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं आहे. कानाला हेडफोन लावून नुसत्या आवाजावरून माणूस ओळखायची सवय होती मला. ज्याला खरंच काही नको असतं त्याचा आवाज हलका असतो. ह्यांचा आवाज तळाला गेलेल्या बादलीसारखा यायचा.

डिसेंबरातल्या एका सकाळी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. हे खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "आज धुकं फार आहे ना?"

मी समोर पाहिलं. स्वच्छ, पिवळंधमक ऊन पडलं होतं. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी झळकत होती, तिच्यावर बसलेला कावळासुद्धा उजळलेला दिसत होता.

"आहे थोडं," मी म्हटलं.

त्या क्षणी मी ठरवलं की ह्या माणसाला मी बाहेर काढणार. हात धरून, काठी देऊन, फुटपाथवर ठेचकाळत नव्हे. सायकलवर. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक जोडसायकल धूळ खात उभी होती, दोन सीटांची, दोन पॅडलांची. तिसऱ्या मजल्यावरच्या सायलीने नवऱ्याबरोबर फिरायला म्हणून ती हौसेने आणली होती. दोन रविवार दोघं फिरली आणि मग तिच्यावर गाडी पुसायची फडकी वाळू लागली. पुढे मी बसायचं, मागे ह्यांना बसवायचं, एवढाच बेत होता. त्यातली अडचण एकच होती. मला सायकल येत नव्हती.

वारज्याच्या अलीकडे, जुन्या गावाची घरं संपून सोसायट्या सुरू होतात तिथे एक टेकडी आहे. तिच्याभोवती आता निसर्ग उद्यान झालं आहे. आत गाड्यांना बंदी, स्कूटरलासुद्धा. पायथ्याने एक अरुंद रस्ता टेकडीला वळसा घालून पुन्हा फाटकाशी येतो. हॉर्न नाही, सिग्नल नाही, मागून कोणी दिवे दाखवत नाही. माझ्यासारखीला पडायला पुण्यात याहून चांगली जागा नव्हती. फाटकाशी सायकली भाड्याने मिळायच्या, त्यातली मी सगळ्यांत बुटकी निवडली.

त्या फेरीची एक गंमत होती. फाटकाशी एक बाण रंगवला होता, उजवीकडे दाखवणारा. आणि सकाळी येणारी आम्ही सगळी जुनी माणसं बिनदिक्कत डावीकडे जायचो. कारण टेकडीच्या माथ्यावर म्हसोबाचं ठाणं आहे. शेंदूर फासलेला एक दगड आणि वर पत्रा. देव उजव्या हाताला ठेवून जायचं, हे पायांत इतकं मुरलेलं की बाण दिसायचाच नाही. गावातले शेतकरी पूर्वीपासून टेकडीला असेच वळसे घालत आले. मग कर्वेनगरातले, कोथरूडचे निवृत्त लोक आले, त्यांनीही तेच उचललं. विज्ञानाचे एक प्राध्यापक होते, व्यायाम म्हणून येतो असं सांगायचे. तेही डावीकडेच जायचे. तरुण मुलं कानात इअरफोन घालून बाणाप्रमाणे यायची आणि वळणावर आमची आणि त्यांची समोरासमोर गाठ पडायची. "अहो आजोबा, राँग साइड!" असं ती ओरडायची. "तुम्ही राँग," असं आमच्यातले बापट शांतपणे म्हणायचे.

बापट म्हणजे ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. सकाळच्या सायकलवाल्यांचे स्वयंघोषित पुढारी. बोलणं थोडं, पण त्यात मिठापेक्षा तिखट जास्त. मला पहिल्या दिवशी सायकलला लोंबकळताना पाहून म्हणाले, "वहिनी, सायकल तुम्हाला शिकवणार की तुम्ही सायकलला?"

ह्यांना तिथे न्यायचं म्हणजे युक्ती हवी होती. मी म्हटलं, "मी पडले तर माझी पर्स कोण सांभाळणार?" हे कुरकुरले, पण रिक्षात बसले. पर्स सांभाळायला म्हणून का होईना, बाहेर पडले. फाटकाजवळच्या बाकावर मांडीवर माझी पर्स घेऊन हे बसायचे आणि मी त्यांच्यासमोरच्या सपाट तुकड्यावर पडायला सुरुवात करायची.

लहानपणी पडणं आणि साठीला पडणं ह्यांत फरक आहे. लहान मूल पडतं तेव्हा जमीन जवळ असते. मला ती दर वेळी फार लांब वाटायची, आणि तिथे पोचेपर्यंत सगळं आयुष्य डोळ्यांसमोरून जायला वेळ मिळायचा. तळहात सोलवटले. गुडघ्यावर टेंगूळ आलं. घरी आले की हळद लावायची आणि पोळ्या लाटायला बसायचं, लाटणं धरताना हुळहुळायचं. एकदा घाणेरीच्या जाळीत शिरले ती काटे काढण्यात दुपार गेली. मुलीचा फोन आला. ती बंगळुरूला असते. म्हणाली, "आई, आर यू सीरियस? हाड मोडलं म्हणजे?" मी म्हटलं, "मोडलं तर बसेल. माणूस मोडला तर काय करू?"

मी पडले की हे बाकावरून विचारायचे, "काय झालं?" मी म्हणायची, "काही नाही, उतरले." काही दिवसांनी त्यांनी विचारणं सोडलं आणि सांगायला सुरुवात केली.

"तू खाली बघतेयस."

"तुम्हाला काय माहीत?"

"चाक थरथरतंय. खडीवर आवाज येतोय त्याचा. खाली बघणाऱ्याचं चाक थरथरतं. लांब बघ."

मी लांब पाहिलं. चाक सरळ झालं. मग माझ्या लक्षात आलं की लांब बघ हे मला कोण सांगतंय. रडावंसं वाटलं. पण रडताना सायकल चालवता येत नाही आणि मला सायकल शिकायची होती, म्हणून रडले नाही.

जानेवारी लागेपर्यंत मी पूर्ण फेरी मारू लागले. डावीकडे वळलं की थोड्याच अंतरावर एक तीव्र उतार लागतो, तो मी दोन्ही ब्रेक आवळून, दात आवळून उतरायची. खाली बांबूचं बन. मग पाणवठा, तिथे हवा एकदम गार होते. त्यापुढे रस्ता हळूहळू, कळेल न कळेल असा चढत पुन्हा फाटकाशी येतो. गवत पिवळं पडलेलं, त्यावर दव. उंदीरमारीच्या झाडांवर गुलाबी कळ्या धरायला लागलेल्या. तारेवर वेडे राघू एका रांगेत अंग फुगवून उन्हाला बसलेले. आयुष्यात प्रथमच मी रस्त्याच्या दोन्ही बाजू एकदम पाहत होते. टेकडीवर इतकी झाडं आहेत हे मला तोवर माहीतच नव्हतं. पूर्वी उद्यान नव्हतं तेव्हा हे मला इथे कॅरिअरवरून आणायचे, आणि टेकडी उजवीकडे म्हणजे कायम माझ्या पाठीशी असायची.

फेरी संपवून मी बाकाशी आले की हे विचारायचे, "पाणवठ्याला पाणी किती आहे? बांबू तोडले का गं वरचे?" मी सांगायची. सांगता सांगता मला ऐकू येत होतं की ह्यांचा आवाज तळातून थोडा वर आला आहे. पण बाकावरून हे उठत मात्र नव्हते.

सायलीकडे जोडसायकल मागितली तर तिने हातच जोडले. "काकू, घेऊनच टाका हो. नुसती पडलीय. आय फील सो गिल्टी रोज तिच्याकडे बघून." सायकलला गिअर होते, पण गंजून एकाच जागी बसले होते. एक भलतीच गोष्ट मात्र होती. पुढची आणि मागची पॅडलं एकाच साखळीने जोडलेली. एकाने पाय मारला की दुसऱ्याचे पाय आपोआप फिरतात, मारा किंवा मारू नका. सरावाला मागच्या सीटवर बापट बसले. देशाच्या भल्यासाठी बसतोय असा चेहरा करून बसले आणि पूर्ण फेरीभर, "ब्रेक, वहिनी, ब्रेक! वहिनी, ब्रेक म्हणजे तो!" असं ओरडत राहिले. खाली उतरल्यावर ह्यांना म्हणाले, "वसंता, बिनधास्त बस. मी वाचलो म्हणजे कोणीही वाचेल."

हे हसले नाहीत.

हिवाळ्यातलं आमच्या घरचं मोठं काम म्हणजे मटार सोलणं. वर्षाचे मटार ह्याच दिवसांत घेऊन सोलून ठेवायचे. ह्यांना त्याला डोळे लागत नाहीत. अंगठ्याने शेंग दाबली की ती टचकन उघडते, दाणे ताटात पडतात आणि दर चौथी-पाचवी शेंग थेट तोंडात जाते. त्या संध्याकाळी आम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलो होतो. मी विषय काढला.

"रविवारी जोडसायकल काढू."

"कशाला?"

"फेरी मारू. तुम्ही आणि मी."

शेंगा उघडण्याचा आवाज थांबला. "मी मागे बसू? सामानासारखा?"

मला आयुष्यात ह्यांचा राग फार कमी वेळा आला आहे. त्या वेळी आला. "मी तीस वर्षं तुमच्या मागे बसले. मी सामान होते का?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, मी उठले नाही. मग हे म्हणाले, "तसं नाही गं. तू बसायचीस तेव्हा मला बरं वाटायचं. मागे कोणीतरी आहे असं. आता मी मागे बसलो तर तुला नुसतं ओझं होणार. मला जे दिसत नाही त्याची मला एवढी भीती वाटत नाही. मी कोणाच्या तरी अंगावर पडलोय, ह्याची वाटते."

"मागे पॅडल आहेत," मी म्हटलं. "मारा."

हे पुन्हा शेंगा सोलायला लागले. "रविवारी बघू," म्हणाले. आमच्या घरात बघू म्हणजे नाही. पण आवाज निराळा होता, आणि माझा आवाजावर विश्वास आहे.

मधल्या चार वर्षांत बरंच बदललं. ते किल्लीचं भोकही आता बंद झालं आहे. मटार गोठवलेलेच मिळतात म्हणून मुलगी सोलू नका म्हणते, आम्ही सोलतो. माझा उजवा गुडघा चढावर बोलू लागला आहे. कधीकधी वाटतं, माणसाला तोल सांभाळायला शिकवण्याचं वय कोणी ठरवलं? पाळण्यातून बाहेर पडल्यावर आपण चालायला शिकतो ते सगळ्यांना कौतुकाचं वाटतं. खरा तोल जायला लागतो तो पन्नाशीनंतर. कोणाचे डोळे जातात, कोणाचे कान, कोणाचं माणूस जातं. तेव्हा पुन्हा शिकायला लागतं आणि तेव्हा टाळ्या वाजवायला कोणी नसतं. आपणच उठायचं, अंगावरची माती झटकायची आणि परत टांग टाकायची. मला हे त्या हिवाळ्याने शिकवलं आणि त्याबद्दल मी त्याचे उपकार मानते.

तर त्या हिवाळ्यातला, संक्रांत होऊन गेल्यानंतरचा रविवार. जोडसायकल टेम्पोतून फाटकाशी आणली. ह्यांनी कानटोपी घातली होती, त्यावर मफलर, हातात मोजे. सगळं घट्ट बांधून घेतलं होतं. मी पुढची मूठ धरून उभी होते. आणि डावीकडच्या रस्त्यावर आडवी काठी धरून तात्या उभे होते.

तात्या म्हणजे उद्यानाचे रखवालदार. शेजारच्याच गावचे, ह्याच टेकडीखाली त्यांच्या वडिलांची गुरं चरायची. आदल्या दिवशी आमच्यातलेच एक आजोबा त्या तीव्र उतारावरून सुसाट आले आणि समोरून बाणाप्रमाणे धावत येणाऱ्या एका बाईंना त्यांनी आडवं केलं. दोघंही खरचटण्यावर सुटले, पण आता बाणाप्रमाणेच जायचं, उजवीकडून, असा हुकूम झाला होता.

बापट वाद घालत होते. "तात्या, बाण आत्ताचा आहे. म्हसोबा कधीचा आहे?"

"म्हसोबा आमचा हाय, साहेब," तात्या म्हणाले. "म्या सकाळीच वर जाऊन नारळ फोडून आलोय. त्याला सांगितलंय, आजपासून माणसं उलटी येतील, राग धरू नगंस. त्यानं काय म्हटलं न्हाई. आता तुम्ही कशाला बोलताय? बाणानं जावा."

देवाचीच परवानगी काढलेली, त्यावर बापट अपील कुठे करणार?

हे मात्र एक पाऊल मागे सरकले. "उलटी प्रदक्षिणा? आज श्राद्धबिद्ध आहे का कोणाचं?" मग आवाज खाली आणून मला म्हणाले, "अगं, राहू दे आज. ती बाजू मला माहीत नाही. डावीकडून गेलो असतो तर कुठे काय येतं हे मला पाठ आहे, तुला सांगता आलं असतं. हे सगळं उलटं. आणि शेवटी तो चढ येणार. पुढच्या रविवारी बघू."

ह्यांचा पुढचा रविवार मी ओळखून होते. तो एकदा पुढे गेला की परत येणार नव्हता. बाल्कनीतली खुर्ची येणार होती, आणि भर उन्हातलं धुकं. आज हे बसले नाहीत तर कधीच बसणार नाहीत, हे मला त्या बाणाइतकं स्पष्ट दिसत होतं.

"ती बाजू मलाही माहीत नाही," मी म्हटलं. "बसा."

"अगं पण..."

"बसा म्हणते ना."

हे बसले. बापटांनी मागून धरलं. मी पॅडलवर पाय ठेवला, सायकल डावीउजवीकडे भेलकांडली, एकदा तात्यांच्या काठीला लागली आणि मग सरळ झाली. बापटांचा हात कधी सुटला ते मला कळलं नाही.

उजवीकडे वळलं की सकाळचं ऊन थेट डोळ्यांत येतं. इतके दिवस ते माझ्या पाठीवर असायचं. मी डोळे बारीक केले, तरी रस्ता नुसता पांढरा.

"अहो, मला काही दिसत नाहीये. ऊन फार आहे."

"वा," हे मागून म्हणाले. "म्हणजे आता दोघंही."

आणि मला हसू फुटलं. सायकल वळवळली, हे "लांब बघ, लांब बघ" म्हणून ओरडले, पण ओरडतानाही हसत होते. कितीतरी दिवसांनी मी ह्यांचं हसणं ऐकलं आणि ते माझ्या मानेवर, अगदी जवळून ऐकलं.

रस्ता हलकेच उतरत होता, पाय मारायचीही गरज नव्हती. गावाकडून चुलीच्या धुराचा वास आला. "हा वास तर शेवटी यायचा," हे म्हणाले. मग पाणवठ्याची गार हवा अंगावर आली. "थांब, बोलू नकोस. मला लावू दे. धूर आधी. मग पाणी. मग बांबू येणार." बांबू आले. वाऱ्यात एकमेकांवर घासून कुरकुरत होते. "आले!" हे ओरडले. शाळेत पहिल्यांदा उत्तर बरोबर आलेल्या मुलासारखा आवाज होता. समोरून एक मुलगी धावत येत होती, तिने दचकून आमच्याकडे पाहिलं. मग ती हसली आणि कडेला झाली.

बांबू संपले आणि चढ समोर उभा राहिला. आजवर मी तो फक्त उतरले होते. उतरताना तो एवढा वाटला नव्हता.

"किती आहे?" ह्यांनी विचारलं.

"आहे."

"आहे म्हणजे किती?"

"तुम्ही मारत राहा."

सुरुवातीला जमलं. मग वेग गेला. सायकल जड झाली, हँडल डगमगायला लागलं. पोटऱ्यांत आग झाली, छातीत नगारा वाजू लागला. वर फाटकाजवळचं उंबराचं झाड दिसत होतं आणि ते जवळच येत नव्हतं. कडेने आमच्यातले दोघे जण उतरून सायकली ढकलत नेत होते.

"उतर," हे म्हणाले. "ढकलत नेऊ. त्यात काही कमीपणा नाही."

"नाही," मी म्हटलं. बोलायला तेवढाच श्वास होता.

आणखी थोडं गेलो आणि माझे पाय संपले. दुसरा शब्द नाही, संपले. आता पाय टेकणार, सायकल थांबणार, हे उतरणार आणि पुढचा रविवार कधी येणार नाही, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. पण सायकल थांबली नाही. माझे पाय पॅडलवर नुसते टेकलेले होते आणि तरी फिरत होते. वर, खाली, वर, खाली. मागून श्वास ऐकू येत होता, भात्यासारखा. एका लयीत, न अडखळता. सायकल हे चढवत होते. एकटे. मला घेऊन.

माझ्या पायांत थोड्या वेळाने जोर आला. मी पॅडल मारू शकले असते. मी मारलं नाही. तो चढ आता ह्यांचा होता आणि त्यात पाय घालायचा मला हक्क नव्हता. मी दोन्ही मुठी घट्ट धरल्या, लांब पाहिलं आणि हँडल तसूभरही हलू दिलं नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सायकल चालवताना रडता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

उंबर मागे पडला. रस्ता सपाट झाला.

"आलं?" हे धापा टाकत होते.

"आलं."

मग हे म्हणाले, "तू अर्ध्यातच पाय सोडलेस."

मी चपापले. "कळलं तुम्हाला?"

"पॅडल सांगतं ना. आयुष्यभर सायकल चालवलीय मी."

"मग ओरडला का नाहीत?"

ह्यांनी श्वास घेतला. "हँडल सरळ होतं. मला वाटलं, तू तुझं काम करतेयस, मी माझं करतो." आणि मग, जणू भाजी काय करायची हे विचारावं तसं, "थांबू नकोस. अजून एक फेरी मारू."

फाटक आलं. बापट हात वर करून काहीतरी बोलत होते, ते ऐकू आलं नाही. तात्यांनी काठी बाजूला घेतली, आणि आम्ही न थांबता बाणाच्या दिशेने पुढे गेलो.